नीट झाली, आता डेंटलला नंबर कसा लागतो?

उदगीरला माझा दाताचा दवाखाना आहे. नीटचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण दात दाखवायला येतच नाहीत, मोबाईल दाखवायला येतात. २०२५च्या जूनमध्ये जळकोटकडचे एक काका रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगला आले होते. खुर्चीवर आडवे झाले, मी तोंडात कापसाचे बोळे बसवले, तरी त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरलाच. लेकीचा निकाल. कापूस काढल्याबरोबर पहिलं वाक्य: "मॅडम, तीनशे बावीस पडलेत. डेंटलला नंबर लागंल का?"

मी म्हटलं, काका, मार्क राहू द्या. ऑल इंडिया रँक किती आहे? दहावी-बारावी कुठून झाली? जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे जात प्रमाणपत्राच्या पडताळणीचा कागद, हातात आहे का? आणि वर्षाला किती पैसे भरता येतील? एकाचंही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे लातूर-नांदेडच्या पट्ट्यात परीक्षेआधीची दोन वर्षं घराघरात युद्धपातळीवर चालतात. क्लास, रूम, मेस, टेस्ट सिरीज, रिपीटरची बॅच, सगळ्यांना सगळं पाठ. निकालानंतर जे सुरू होतं ते मात्र ऐकीव माहितीवर चालतं. आणि एमबीबीएसचं एक वेळ सोडा, डेंटलची सीट बहुतेकदा याच नंतरच्या महिन्यांत हाती लागते किंवा हातची जाते.

परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण ते बहुतेकांना ठाऊक असतं. डेंटलची वेगळी परीक्षा नाही. एमबीबीएस, बीडीएस (म्हणजे डेंटलची पदवी), बीएएमएस, बीएचएमएस, सगळ्यांना एकच नीट. २०२५पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर आलं की चार, चुकलं की एक वजा. परीक्षा १३ भाषांत होते, मराठीतही. मराठी पेपर मागितला तर शेजारी इंग्रजी असतंच, आणि भाषांतरात गफलत निघाली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. वयाची १७ वर्षं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. नीटला सहाशे पडोत, बारावीत हे टक्के नसतील तर प्रवेश नाही. दोन वर्षं बारावीकडे पाठ फिरवून बसलेल्या पोरांना हे अधूनमधून सांगावं लागतं.

आता निकालपत्रावरच्या त्या शब्दाकडे येऊ, ज्यावरून गावात पेढे वाटले जातात: क्वालिफाईड. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाईल, राखीव प्रवर्गांसाठी ४०. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हे. जत्रेतली पळायची शर्यत घ्या. शंभर जण पळाले आणि पन्नास तुमच्या मागे राहिले, तर तुम्ही पन्नास पर्सेंटाईलला. किती सेकंदात पळालात याच्याशी त्याचा संबंध नाही. सगळेच लंगडत पळाले असतील तर तुम्ही लंगडतही पन्नासावर असाल. म्हणूनच ही रेष दर वर्षी हलते. खुल्या प्रवर्गासाठी २०२३ला ती १३७ मार्कांवर होती, २०२४ला १६२वर गेली, २०२५ला १४४वर आली. ७२०पैकी १४४ म्हणजे वीस टक्के. वीस टक्के मार्क आणि पन्नास पर्सेंटाईल, दोन्ही एकाच वेळी खरं.

२०२५ला २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून जास्त क्वालिफाय झाली. देशातल्या बीडीएसच्या जागा आहेत २७-२८ हजार, एमबीबीएसच्या सव्वा लाखाच्या आसपास. क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच. पण तेवढी तरी लागतेच. मॅनेजमेंटची जागा असो की एनआरआय कोटा, नीट क्वालिफाय नसलेल्याला बीडीएसला बसवता येत नाही. "क्वालिफाय नसलं तरी बघू" असं फोनवर कोणी सांगत असेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा. (निकालानंतर आठवड्याभरात या लोकांना आपल्या पोरांचे नंबर कुठून मिळतात, देव जाणे.)

मार्कांपेक्षा रँक का विचारायची, याचं उत्तरही इथेच आहे. २०२४ला मार्कांचा नुसता पूर आला होता. पहिल्या निकालात ६७ मुलांना पैकीच्या पैकी ७२०. २०२५चा पेपर असा कडक निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. आता शेजारच्या गल्लीतला पोरगा सांगणार, "मला एवढे होते, मला अमुक कॉलेज मिळालं." त्याचे मार्क त्याच्या वर्षाचे. तुलना करायचीच तर त्याची रँक विचारा. त्यातही आपल्याला जास्त उपयोगाचा आकडा पुढे येतो. राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलकडे नोंदणी झाली की राज्याची गुणवत्ता यादी लागते, तिच्यातला स्टेट मेरिट नंबर आणि स्वतःच्या प्रवर्गातलं स्थान. मागच्या वर्षीच्या प्रवेशाच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीला शेवटचा नंबर कुठवर गेला, ते तिथे दिसतं. चहा घेत तासभर बसलात तरी हजारो रुपये घेणाऱ्या काउन्सेलरचं अर्धं काम तुमचं तुम्हीच केलेलं असेल.

जुन्या माहितीची आणखी एक गंमत. २०२०पर्यंत आपल्या राज्यात ७०:३० होतं. त्या-त्या विभागातल्या कॉलेजांच्या सत्तर टक्के जागा तिथल्याच मुलांना, तीस टक्के राज्यभरातून. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि मार्क घेणारी पोरं उदंड, त्यामुळे आपल्यावर अन्याय होतो अशी ओरड कितीतरी वर्षं होती. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी, तेही लातूरचेच, हे सूत्र रद्द केल्याचं विधानसभेत जाहीर केलं. आता नांदेडची पोरगी मुंबई-पुण्याच्या जागेवर बरोबरीने हक्क सांगते, आणि पुण्याचा पोरगा लातूरच्या जागेवर. तेव्हा कुणी मामा-काका "आपल्या विभागाचा कोटा असतो" म्हणाले तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

या रांगेत शिरायचे दरवाजे दोन. शासकीय डेंटल कॉलेजांच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात. त्यांचं वाटप दिल्लीहून एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, करते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, त्या सीईटी सेलकडे. खासगी कॉलेजांच्या जागाही सीईटी सेलच्याच प्रक्रियेतून भरतात. डीम्ड (अभिमत) विद्यापीठांच्या मात्र सगळ्या जागा एमसीसीकडे. म्हणजे नोंदणी दोन ठिकाणी, फी दोन ठिकाणी, तारखा दोन पद्धतीच्या. एमसीसीकडे ऑल इंडिया कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला परत मिळणारं डिपॉझिट १० हजार. डीम्डच्या पर्यायापुढे टिकची खूण केली की तेच २ लाख. ही दोन लाखांची खूण बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

शासकीय जागा मोजक्याच आहेत. मराठवाड्यात शासकीय डेंटल कॉलेज छत्रपती संभाजीनगरला, घाटी रुग्णालयाच्या आवारात. त्याशिवाय मुख्यतः मुंबई, नागपूर आणि मुंबई महापालिकेचं नायर. खासगी कॉलेजं मात्र आपल्या दारात आहेत: लातूरला एमआयडीएसआर, संभाजीनगरच्या कांचनवाडीत सीएसएमएसएस, शिवाय नांदेड, परभणी, हिंगोली, बीड. म्हणून डेंटल म्हटलं की आपल्या भागातल्या बहुतेक घरांसाठी खरा प्रश्न खासगी कॉलेजाचा आणि त्याच्या फीचा असतो.

पण त्याआधी एक गोष्ट, जी आमच्या सीमेवरच्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायचं तर डोमिसाईल तर हवंच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. उदगीर, देगलूर, निलंगा, उमरगा इकडून बिदर किंवा हैदराबाद जवळ. दहावीनंतर पोरं तिकडे क्लासला जातात, आणि क्लासच्या सोयीसाठी बारावीचा प्रवेशही तिकडेच घेतात. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाणाऱ्यांचंही तेच. माझ्या ओळखीतल्या एका घरी हे घडलं. सातबारा इथला, आजोबा-पणजोबा इथले, डोमिसाईल हातात. पोराने बारावी सीमेपलीकडून केली. मार्क चांगले होते. कागदपत्रांच्या पडताळणीत राज्य कोट्यातून नाव बाहेर. वडील माझ्यासमोर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होते: "आमचं घर काय कर्नाटकात हाय का?" नोकरीनिमित्त बाहेर बदली झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, पण क्लाससाठी गेलो हे कारण त्यात बसत नाही. कोचिंग जगात कुठेही लावा, बारावीचा फॉर्म महाराष्ट्रातूनच भरा.

दाखल्यांचा गुंता प्रवर्गाच्या नावांपासूनच सुरू होतो. नीटचा फॉर्म केंद्राचा, त्यात केंद्राची यादी चालते. सीईटी सेलचा फॉर्म राज्याचा, त्यात राज्याची. आपल्याकडे वंजारी समाज एनटी-डी, धनगर समाज एनटी-सी. केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसी. मराठा समाजाला २०२४च्या कायद्याने राज्यात एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आहे, पण केंद्राच्या यादीत एसईबीसी हा प्रवर्गच नाही. तिथे खुला, नाहीतर अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. ज्यांच्या घरी निजामकाळातली कुणबी नोंद सापडली, त्यांचा रस्ता ओबीसीचा. २ सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटियरच्या शासन निर्णयानंतर अशी धावपळ फार वाढली. माझं मत विचाराल तर, कागद कोणता काढायचा हे घरात अकरावीतच ठरवावं. जात प्रमाणपत्र मिळणं आणि त्याची जिल्हा समितीकडून पडताळणी होणं, यात महिने जातात. प्रवेशाच्या वेळी नुसतं जात प्रमाणपत्र पुढे केलं तर समोरचा माणूस पहिला शब्द उच्चारतो तो व्हॅलिडिटी.

नॉन-क्रिमिलेअरची तर वेगळीच कथा. हा कागद ज्या तारखेपर्यंत वैध, ती कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते आणि मुदत ३१ मार्चला संपते. माझ्या भाचीने तो बारावीच्या सुरुवातीलाच काढून फाईलला लावून ठेवला, आम्ही सगळे निश्चिंत. ऑगस्टमध्ये अपलोड करताना दिसलं की तो पाच महिन्यांपूर्वीच मेलेला आहे. मग सेतू केंद्र, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, तहसील, सर्व्हर डाऊन, मध्येच गणपतीच्या सुट्ट्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला मिळाला. ते तीन दिवस मी अजूनही विसरलेले नाही, आणि चूक शंभर टक्के आमचीच होती. शिवाय केंद्राच्या ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, राज्याचा एमसीसीला चालत नाही. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र, आणि ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र, ही दोन कामं किरकोळ आहेत पण आदल्या रात्रीच आठवतात.

आता प्रवेशाच्या फेऱ्या. यांनाच कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या, म्हणतात आणि डेंटलवाल्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. राज्याच्या प्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात येतात. एकाच पसंतीक्रमाच्या यादीत दोन्ही भरता येतात आणि बहुतेक मुलं वर एमबीबीएस, खाली बीडीएस लिहितात. परिणाम असा की डेंटलच्या जागा पहिल्या फेरीत भरल्यासारख्या दिसतात, पण त्या टिकत नाहीत. समजा एका मुलीला पहिल्या फेरीत संभाजीनगरचं शासकीय डेंटल मिळालं. दुसऱ्या फेरीत तिला एमबीबीएस लागलं, ती वर गेली. तिच्या जागी कांचनवाडीतला मुलगा आला. त्याच्या जागी लातूरची मुलगी. लातूरच्या त्या खुर्चीत हिंगोलीचा कोणीतरी, आणि हिंगोलीत आजवर कुठेच नाव नसलेलं लेकरू. वर एक जण हलला की खाली चार-पाच जण हलतात. एसटीत मागे उभं राहिलेल्याला जागा मिळते ती पुढचा कुणीतरी उतरल्यावरच. काही जण बीएएमएसकडे वळतात, काही रिपीट करायचं ठरवतात, त्यांच्याही जागा सुटतात. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरात सुतक पाळू नये. तिसऱ्या फेरीपर्यंत आणि त्यानंतरच्या रिक्त जागांच्या फेरीपर्यंत चित्र बरंच पालटतं. २०२०-२१ला तर देशभरात बीडीएसच्या सात हजारांवर जागा रिकाम्या राहिल्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची रेष १० पर्सेंटाईलने खाली आणायला लावली. दर वर्षी असं होईल या आशेवर मात्र कोणी बसू नये.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज हमखास भेटतो: "खालचं कॉलेज वर टाकलं की लवकर लागतं." अजिबात नाही. संगणक मेरिटने एकेका मुलाला घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत जी पहिली जागा रिकामी सापडेल ती देतो. पहिल्या नंबरावर नायर लिहिल्याने हिंगोली हातची जात नाही. तेव्हा खरंखुरं हवं ते वर, आणि जिथे मिळूनही जाणार नाही ते लिहूच नका. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. वर सरकायचं असेल तर तो भरायचा नाही, पण एक लक्षात ठेवा, वरची जागा लागली की जुनी आपोआप गेली. परत मागता येत नाही. जागा मिळूनही न गेल्यास काय होतं हे फेरीगणिक बदलतं, आणि त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पुस्तिका कोणी वाचत नाही. व्हॉट्सॲपवरचा तिचा सारांश सगळे वाचतात.

पैशाचं आता. खासगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजागणिक वेगळी, आणि पाच वर्षांचा हिशेब लाखांत जातो. पण २०२४पासून मोठा फरक पडला आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, खासगी कॉलेजातही. मुलांना निम्मं. अट एकच महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. इन्स्टिट्यूट कोट्यातून, मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात की ही माफी नाही. आठ दिवस थांबून तिसऱ्या फेरीत मिळाली असती ती जागा, घाईने कोट्यातून घेऊन लाखोंचं नुकसान करून घेतलेली घरं मी पाहिली आहेत. वसतिगृह, मेस, आणि डेंटलला लागणारी हत्यारं यांचा खर्च मात्र माफीत धरू नका. हत्यारांची पेटी दुसऱ्या वर्षापासून जड होत जाते.

डेंटल घ्यावं की नाही, हे मला विचारू नका असं मी सांगते आणि मग स्वतःच बोलत बसते. अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी हातात देतात एक मेणाची वडी आणि कार्व्हर. त्या वडीतून दात कोरायचा, मिलिमीटर मोजून, खाचा-उंचवट्यांसकट. बारावीपर्यंत ओएमआरचे गोल रंगवण्यापलीकडे ज्याचे हात कशाला लागलेले नाहीत त्या हुशार पोराला इथे रडू फुटतं, आणि शेतात, सुतारकामात हात चाललेलं पोर पटकन पुढे जातं. पुढे माणसं आहेतच. आमच्याकडे गुटखाबंदी २०१२पासून आहे, आणि रोज दोन-तीन तरुण असे येतात ज्यांच्या तोंडात माझी दोन बोटं उभी मावत नाहीत. एमबीबीएस हुकलं म्हणून तोंड पाडून डेंटलला येणाऱ्यांना पहिलं वर्ष फार जड जातं. त्यापेक्षा एकदा कुठल्याही दवाखान्यात दिवसभर कोपऱ्यात बसून पाहावं. मी बसू देते.

काकांची मुलगी बसली होती, दोन दिवस. मग त्यांनी फाईल केली, व्हॅलिडिटीचा अर्ज आधीच दिलेला निघाला हे नशीब. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या फेरीत नाही. तिसऱ्यात आलं. जानेवारीत काका दातावर कॅप बसवायला आले तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या ट्रेवर उलगडली. आत पिवळट मेणाचा एक दात. "आमच्या बाईनं कोरलाय. बगा की, बराय का?" वरची पहिली दाढ होती. मी दिव्याखाली धरून फिरवून पाहिली. गालाकडची बाजू जरा जास्त खरवडली गेली होती.